मंद आंचेचें भांडें : एका परदेशी पक्वान्नाची कुळकथा



इतिहास म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें लढाया, तह आणि राज्यारोहणें उभीं राहतात. उभें आयुष्य शाळेंत सनावळ्या पाठ करवून घेण्यांत गेल्यामुळें मला त्यांचा आदर आहे. त्यांना कमी लेखण्याचा माझा मुळींच हेतु नाहीं. परंतु मनुष्यांच्या स्थलांतरांची, त्यांच्या हालअपेष्टांची आणि त्यांच्या चिवटपणाची नोंद केवळ सरकारी दप्तरांतच होते असें नाहीं. ती चुलीपाशींही होत असते; आणि चुलीपाशींचें दप्तर सहसा कोणाला जाळतां येत नाहीं. आज त्यांतलेंच एक पान आपणांपुढें उलगडावें असा विचार आहे.

अमेरिकेंतील घरांतून अलीकडे एक पदार्थ वरचेवर शिजूं लागला आहे. डुकराच्या खांद्याचें मांस सकाळीं 'स्लो कुकर' नांवाच्या विजेच्या भांड्यांत घालावयाचें. त्यांत व्हिएतनामी पद्धतीचा माशांचा अर्क, करपवलेली साखर, लसूण, आलें, गवती चहा घालून झांकण लावावयाचें, आणि आपापल्या कामाला निघून जावयाचें. सायंकाळीं परत यावें तों तें मांस इतकें मऊ झालेलें असतें कीं दोन कांट्यांनीं ओढतांच त्याचे दोरे सुटतात. यालाच तिकडे 'पुल्ड पोर्क', म्हणजे ओढून सुटें केलेलें डुकराचें मांस, असें म्हणतात. आणि वर सांगितलेला प्रकार त्यांतला व्हिएतनामी धर्तीचा. ज्या श्रोत्यांच्या घरीं हें मांस वर्ज्य आहे त्यांनीं यंत्र बंद करण्याची घाई करूं नये. इतिहास ऐकल्यानें कोणी बाटत नाहीं. शिवाय ज्या भांड्यांत हें मांस शिजतें तें भांडें ज्या लोकांच्या परंपरेंतून जन्मास आलें, त्यांनाही डुक्कर निषिद्धच आहे. ही गंमत पुढें येईलच.

आधीं चवीची गोष्ट. व्हिएतनामी स्वयंपाकाचा प्राण म्हणजे 'नुओक माम', खारविलेल्या मासळीचें पाणी. आपल्या मांदेलीच्याच कुळांतील बोटभर मासळी घेतात. तीन भाग मासळीला एक भाग मीठ या मानानें लांकडी पिंपांत थरावर थर रचतात, वरून दडपण ठेवतात, आणि बारा महिने किंवा त्याहूनही अधिक काळ त्याला हात लावीत नाहींत. मीठ सडूं देत नाहीं. मासळीच्या अंगचींच पाचक द्रव्यें तिचें मांस विरघळवितात. शेवटीं पिंपाच्या तळाच्या तोटींतून मधाच्या रंगाचा स्वच्छ रस गळूं लागतो. पहिल्या धारेचा रस सर्वांत उंची. त्यांत नत्राचे अंश किती, यावरून त्याची प्रत ठरवितात. फान थियेत हें किनाऱ्यावरील गांव आणि फू क्वोक हें बेट या धंद्यासाठीं प्रसिद्ध आहेत. फू क्वोकच्या नांवाला युरोपीय संघानें २०१२ सालीं कायद्याचें संरक्षणही दिलें. हा रस नुसता हुंगला तर नवख्याचें नाक मुरडतें, परंतु शिजतांना त्यांतला उग्रपणा उडून जातो आणि मागें राहते ती एक भरीव, मांसल चव. प्राचीन रोमन लोकही 'गारुम' नांवाचा असाच रस अन्नावर घालीत; म्हणजे या वासाला नांवें ठेवणाऱ्या युरोपियनांचे पूर्वजही याच पंक्तीला बसलेले होते.

या रसाविषयींची एक जुनी नोंद मोठी मनोरंजक आहे. इ. स. १६१८ मध्यें क्रिस्तोफोरो बोर्री नांवाचा इटालियन जेझुइट पाद्री त्या वेळच्या कोचीन-चायनांत, म्हणजे आजच्या मध्य व्हिएतनामांत, जाऊन राहिला. त्याचा वृत्तांत रोम येथें १६३१ सालीं छापला गेला. माशांपासून केलेल्या या झणझणीत कालवणाचें वर्णन करून तो म्हणतो कीं, युरोपांत लोक जसा वर्षाचा द्राक्षासव भरून ठेवितात, तशीं इकडे घरोघर या रसाचीं पिंपें भरलेलीं असतात. हाच बोर्री परतीच्या वाटेवर गोव्यास मुक्कामाला होता. १६२३ मध्यें पिएत्रो देल्ला वाल्ले या प्रसिद्ध प्रवाशाची आणि त्याची तेथेंच ओळख झाली. त्याच्या मागून गेलेला आलेक्झांद्र द ऱ्होद हाही १६१९ सालीं प्रथम गोव्यालाच उतरला होता. व्हिएतनामी भाषा रोमन अक्षरांत लिहिण्याचा जो उपक्रम फ्रान्सिस्को द पिना या पोर्तुगीज पाद्र्यानें आरंभिला, तो ऱ्होदनें पुढें नेला आणि १६५१ सालीं रोमला व्हिएतनामी, पोर्तुगीज व लॅटिन असा त्रिभाषी कोश छापविला. आज तो देश जी लिपि लिहितो ती हीच. तेव्हां मांडवीच्या कांठावरील धक्क्यांचा आणि त्या दूरच्या देशाचा संबंध अगदींच नाहीं असें कोणी म्हणूं नये.

डुकराचें म्हणाल तर तो प्राणी व्हिएतनामी शेतकऱ्याच्या अंगणांतला, घरचाच. उत्तरेंत दोंग हो गांवचीं लांकडी ठशांचीं चित्रें नववर्षाला घरोघर लावतात, त्यांत पिलांसह डुकरीणीचें चित्र असतें, आणि तिच्या अंगावर स्त्री-पुरुष तत्त्वांचें चक्र कोरलेलें असतें. समृद्धीची ती खूण. नववर्षाला, म्हणजे 'तेत'च्या सणाला, हिरव्या पानांत बांधून जी चौकोनी भाताची पोटली उकडतात तिच्या पोटींही डुकराचें मांसच असतें.

परंतु आपल्या पदार्थाचा खरा पूर्वज दक्षिणेकडला. सतराव्या-अठराव्या शतकांत व्हिएतनामी शेतकरी दक्षिणेकडे सरकत सरकत मेकाँग नदीच्या मुखाशीं पोहोंचले. १६९८ मध्यें सायगॉनच्या परिसरांत न्गुयेन सरदारांची रीतसर कारभारव्यवस्था सुरू झाली. ती भूमि रिकामी नव्हती. वाटेंत चाम लोकांचें राज्य होतें, ज्यांच्या मी सोन येथील शिवमंदिरांतून संस्कृत शिलालेख आहेत. आणि मेकाँगचा प्रदेश ख्मेर लोकांचा होता. त्यांना मागें रेटून ही वसाहत झाली, हें सांगितल्यावांचून पुढें जाणें योग्य नव्हे. या नव्या मुलुखांत नारळ उदंड. त्यामुळें उत्तरेकडची रीत येथें बदलली, आणि मांस शिजवितांना पाण्याच्या जागीं नारळाचें पाणी आलें.

या रीतीला 'खो' म्हणतात. मातीच्या मडक्यांत प्रथम साखर तापवावयाची. ती वितळते, मधाच्या रंगाची होते, चहाच्या रंगाची होते. येथें आपली गृहिणी भांडें उतरवील. व्हिएतनामी गृहिणी मात्र थांबते. साखर काळ्या गुळासारखी होऊन किंचित् धूर येऊं लागला म्हणजे मग ती त्यांत पाणी शिंपडते. या काळसर पाकाला 'नुओक माउ', म्हणजे रंगाचें पाणी, असें नांव आहे. त्यांत गोडी फार उरत नाहीं. एक सुखद कडवटपणा येतो, आणि तोच माशांच्या रसाच्या खारटपणाला आवरून धरतो. मग मांसाचे मोठे तुकडे, नुओक माम, नारळाचें पाणी, मिरी, आणि दक्षिणेंत बहुधा उकडलेलीं अंडीं. नंतर दोन-तीन तास मंद आंच. 'थित खो' तो हाच.

तेतच्या पहिल्या तीन दिवसांत बाजार बंद असतात, आणि सणाच्या दिवसांत घरच्या बाईनें चुलीशीं राबूं नये असा संकेत आहे. म्हणून सणाच्या आधींच खोचें मोठें मडकें शिजवून ठेवितात, आणि पुढें तीन-चार दिवस तेंच पुनः पुनः ऊन करून भाताबरोबर खातात. मीठ, पाक आणि रोजचा कढ यांच्या बळावर उष्ण हवेंतही तें टिकतें. आणि प्रत्येक कढाबरोबर अधिक मुरतें. सणाला चूल पेटवावयाची नाहीं, परंतु उपाशीही राहावयाचें नाहीं, या अडचणींतून निघालेला हा तोडगा आहे. श्रोत्यांनीं ही अडचण ध्यानांत ठेवावी. ती आपल्याला जगाच्या दुसऱ्या टोंकाला पुन्हां भेटणार आहे.

फ्रेंचांच्या अंमलाविषयीं येथें दोन शब्द पुरेत. १८५९ मध्यें त्यांनीं सायगॉन घेतलें, आणि त्यांच्यामागून लांबट पाव, लोणी व काळजाचें वाटण आलें. १९५४ च्या जिनिव्हा करारानें देशाचे दोन तुकडे झाले, तेव्हां आठ-नऊ लक्ष लोक उत्तरेंतून दक्षिणेंत आले. त्यानंतरच्या वर्षांत सायगॉनच्या रस्त्यांवर 'बान मी' हा प्रकार रूढ झाला: फ्रेंच पाव उभा चिरून त्यांत मांस, मुळा-गाजराचें आंबवणी लोणचें, कोथिंबीर आणि मिरची. राज्यकर्त्यांचा पाव घेऊन त्यांत आपलें जेवण भरण्याची ही युक्ति आपल्या वडापावाच्या भक्तांना समजावून सांगण्याची जरुरी नाहीं.

मग १९७५ साल उजाडलें. ३० एप्रिल रोजीं उत्तरेच्या फौजा सायगॉनांत शिरल्या. त्या वसंत-ग्रीष्मांत सुमारे सव्वा लक्ष व्हिएतनामी अमेरिकेंत पोहोंचले. त्यांना प्रथम लष्करी छावण्यांतून ठेवण्यांत आलें: कॅलिफोर्नियांत कँप पेंडल्टन, आर्कान्सांत फोर्ट चॅफी, फ्लॉरिडांत एग्लिन, पेनसिल्व्हानियांत इंडियनटाउन गॅप. त्यानंतर होड्यांतून निघालेल्यांची लाट आली. पुढच्या वीस वर्षांत सुमारे ८ लक्ष लोक अशा रीतीनें आसपासच्या देशांच्या किनाऱ्यांस जिवंत लागले. हजारों बुडाले, कित्येक चांचांच्या हातीं सांपडले. होडींत बरोबर काय नेतां येणार? सोनें शिवणींत लपवितां येतें, कागद खिशांत मावतात. पिंप नेतां येत नाहीं. परंतु कोणत्या रंगावर साखर थांबवावयाची हें डोळ्यांना ठाऊक असतें, आणि तें ज्ञान कोणत्याही नाक्यावर जप्त होत नाहीं.

मागें राहिलेल्यांची स्थिति निराळी, पण हलाखीचीच. १९७५ नंतरच्या दहा-अकरा वर्षांत सारा देश शिधापत्रिकेवर जगत होता. मांस तर मोजून मिळे. शहरांतील लोकांनीं चाळवजा इमारतींच्या न्हाणीघरांतून डुकरें पाळलीं. हनोई येथें वरच्या मजल्यावर बिऱ्हाड करून राहणारे शिक्षकही तें करीत असत. माझ्या व्यवसायबंधूंची ही गोष्ट वाचली तेव्हां मला हंसूं आलें नाहीं. १९८६ मध्यें सरकारनें आर्थिक धोरण बदललें आणि मग हळूहळू बाजार भरले.

इकडे अमेरिकेंत अडचण निराळीच. मांस मुबलक आणि स्वस्त. परंतु नुओक माम कोठून आणावा? अमेरिकेनें १९७५ मध्यें सबंध व्हिएतनामशीं व्यापार बंद केला, आणि ती बंदी ३ फेब्रुवारी १९९४ रोजीं, अध्यक्ष क्लिंटन यांच्या कारकीर्दींत, उठली. म्हणजे सुमारें एकोणीस वर्षें मायदेशाचा रस कायदेशीरपणें मिळणें अशक्य होतें. निर्वासितांनीं थायलंडचा रस घेऊन काम भागविलें. थायलंडांत भरलेल्या कित्येक बाटल्यांवर 'फू क्वोक' हें नांव छापलेलें असे. घेणाऱ्याला तें खोटें आहे हें ठाऊक असे, तरी तो ती बाटली घेई. व्यापारी लबाडी म्हणून या गोष्टीचा निषेध करावा हें खरेंच. परंतु त्या नांवासाठीं लोक दोन पैसे अधिक टाकीत होते, याचा अर्थ नुसत्या कायद्याच्या पुस्तकांत सांपडणार नाहीं.

आतां भांड्याकडे वळूं. त्याची कथा पूर्व युरोपांतील लिथुएनियांत सुरू होते. यहुदी धर्माप्रमाणें शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत विस्तव पेटविणें निषिद्ध आहे. मग शब्बाथच्या दुपारीं ऊन अन्न कसें मिळावें? विल्ना शहराकडील बायका शुक्रवारीं दुपारीं मडक्यांत घेवडा, बटाटे, जव आणि थोडें मांस घालून तें मडकें गांवच्या भटारखान्यांत नेऊन देत. भट्टी विझत आलेली असे; तिच्या उरलेल्या धगीवर तें रात्रभर शिजे, आणि दुसऱ्या दिवशीं प्रार्थना आटोपून घरीं नेलें म्हणजे ऊन ऊन वाढतां येई. या पदार्थाला 'चोलेंत' म्हणतात. सणाला चूल पेटवावयाची नाहीं आणि उपाशी राहावयाचें नाहीं! अडचण तीच, तोडगाही तोच. अंतर मात्र हजारों कोसांचें.

या विल्नाकडून अमेरिकेस गेलेल्या एका कुटुंबांतील मुलगा अर्व्हिंग नाखुमसोन हा पुढें शिकागोंत विजेच्या यंत्रांचा अभियंता झाला. आईच्या तोंडून त्यानें चोलेंतच्या मडक्याची आणि भटारखान्याची हकीकत ऐकली होती. भट्टीची उरलेली धग विजेनें निर्माण करावी, असें त्याच्या मनांत आलें. मडक्याच्या सभोंवार तापणारी तार गुंडाळून सर्व अंगानें सारखी, सौम्य उष्णता देणारें उपकरण त्यानें बनविलें. १९३६ मध्यें पेटंटासाठीं अर्ज केला व १९४० मध्यें तें मिळालें. जर्मन वळणाच्या आडनांवाचा त्या काळीं त्रास होऊं लागल्यानें त्यानें पुढें 'नॅक्सन' असें सुटसुटीत नांव घेतलें. ज्या विल्नाच्या भटारखान्याची ही स्मृति, तेथील यहुद्यांची मात्र १९४१ ते १९४४ या काळांत नाझींनीं व त्यांच्या हस्तकांनीं जवळजवळ समूळ कत्तल केली. शहराबाहेरच्या पोनारीच्या रानांत त्यांना नेऊन मारलें. भट्टी गेली, मडकीं गेलीं, शुक्रवारीं तीं घेऊन जाणाऱ्या बाया गेल्या. शिकागोच्या कारखान्यांतलें तें विजेचें भांडें तेवढें राहिलें.

तें प्रथम फारसें चाललें नाहीं. 'नॅक्सन बीनरी' या नांवानें घेवडा शिजविण्याचें भांडें म्हणून तें विकलें जाई. १९७० मध्यें नॅक्सननें आपला धंदा कॅन्सस सिटीच्या रायव्हल कंपनीला विकला. त्या कंपनीनें त्याला सुबक रूप दिलें, त्यांत काय काय शिजतें याचे प्रयोग करविले, आणि १९७१ मध्यें 'क्रॉक-पॉट' या नांवानें तें बाजारांत आणलें. वेळ नेमकी साधली. अमेरिकन स्त्रिया मोठ्या संख्येनें नोकरीसाठीं घराबाहेर पडत होत्या. १९७३ मध्यें तेलाची टंचाई होऊन इंधनाचे भाव कडाडले. आणि हें भांडें जुन्या पद्धतीच्या दोन-तीन दिव्यांइतकी वीज खाऊन दिवसभर राबे. १९७१ मध्यें २० लक्ष डॉलरांची असलेली विक्री १९७५ मध्यें ९ कोटी ३० लक्ष डॉलरांवर गेली. म्हणजे सायगॉन पडलें त्याच वर्षीं या भांड्याची भरभराट शिखराला पोहोंचली होती, आणि छावण्यांतून बाहेर पडून कारखान्यांत, मासेमारीवर, शिवणकामावर रुजू झालेल्या निर्वासित कुटुंबांना तें प्रत्येक दुकानांत दिसत होतें.

आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांना यावरून इकमिक कुकराची आठवण होईल. कलकत्त्याच्या डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनीं तो १९१० मध्यें तयार केला. खालीं निखारे, वर एकावर एक डबे. सकाळीं डबे लावून कचेरीस जावें, दुपारीं वरणभात तयार. खाणावळीच्या जेवणाला विटलेल्या एकट्या कारकुनांना त्यानें किती आधार दिला असेल! पुढें आपण प्रेशर कुकराच्या शिट्यांच्या नादीं लागलों आणि उलट्या दिशेला गेलों. आठ तासांचें काम आठ मिनिटांत व्हावें हा आपला ध्यास झाला.

राहिली मांस ओढून सुटें करण्याची रीत. ती अमेरिकेच्या दक्षिण भागांतली. १५३९ मध्यें हर्नांदो दे सोतो हा स्पॅनिश सरदार फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावर डुकरांचा कळप घेऊन उतरला, आणि तेथून तो प्राणी त्या मुलुखांत पसरला. 'बार्बेक्यू' हा शब्द कॅरिबियन बेटांवरील ताइनो लोकांचा. परंतु खड्ड्यांतील निखाऱ्यांवर रात्रभर जागून सबंध डुक्कर भाजण्याचें कौशल्य वाढविलें आणि टिकविलें तें मुख्यतः गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकन लोकांनीं. मेजवानी मालकाची आणि रात्रभराचें जागरण त्यांचें. फोर्ट चॅफीची छावणी ज्या आर्कान्सा राज्यांत होती, तेंही याच मुलुखांतलें. तेथें सुमारें पन्नास हजार निर्वासितांनीं अमेरिकेंतले पहिले दिवस काढले.

अशा या तीन वाटा एका भांड्यांत येऊन मिळाल्या. कोणा एका आचाऱ्याच्या नांवावर हा पदार्थ लागलेला नाहीं. निर्वासितांच्या मुलांनीं आईचा खो शेजाऱ्यांच्या पावांत घातला. शेजाऱ्यांनीं आपल्या स्लो कुकरांत माशांचा रस ओतून पाहिला. असें करतां करतां तो रूढ झाला. जुन्या वळणाचीं व्हिएतनामी माणसें याला नाक मुरडतात. मांसाचा तुकडा अखंड राहून ओठांनीं तुटावा हें खोचें लक्षण. त्याच्या चिंध्या करणें त्यांना फूहडपणा वाटतो. त्यांच्या या म्हणण्याला मी मान देतों, तथापि माझा खरा आक्षेप निराळ्या गोष्टीला आहे. पुष्कळ मासिकांतून या पदार्थाच्या ज्या कृति छापून येतात, त्यांत नुओक माम गाळून सोयाबीनचा रस सुचविलेला असतो आणि काळ्या पाकाऐवजीं मूठभर तपकिरी साखर. वर नांव मात्र व्हिएतनामचें. ज्या रसासाठीं लोकांनीं एकोणीस वर्षें खोटें नांव छापलेल्या बाटल्या जवळ केल्या, तोच वगळावयाचा आणि देशाचें नांव शोभेला लावावयाचें, हें कांहीं ठीक नव्हे. आकार बदलला तरी चालेल. चव बदलली तर नांवही बदलावें.

पाकाच्या बाबतींत तर यंत्राचा नाइलाज आहे. बंद झांकणाच्या ओल्या भांड्यांत उष्णता पाण्याच्या उकळबिंदूपलीकडे जात नाहीं, आणि साखर काळी व्हावयाला तिच्या दीडपटीहून अधिक लागते. म्हणून पाक चुलीवरच केला पाहिजे. उलट, मांस मऊ करण्याचें काम हें भांडें चुलीपेक्षां चांगलें करतें. खांदा हा जनावराचा राबणारा अवयव. त्यांत कोलॅजेन नांवाचें चिवट द्रव्य पुष्कळ. सुमारें ७० अंशांपुढें तें हळूहळू विरघळून त्याचें मऊ, चिकट जिलेटीन होतें, आणि या क्रियेला घाई चालत नाहीं. पाठीचा नाजूक तुकडा या भांड्यांत घालाल तर भुसा होईल.

ज्यांना करून पाहावयाचें असेल त्यांच्यासाठीं प्रमाण सांगतों. खांद्याचें दीड किलो मांस चार मोठ्या तुकड्यांत कापावें. तें गोठलेलें नसावें. लोखंडी कढईंत पाव वाटी साखर कोरडीच तापवून वर सांगितलेल्या काळसर रंगावर आणावी आणि हात दूर धरून त्यांत अर्धी वाटी शहाळ्याचें पाणी सोडावें. तें जोरानें उसळतें, मुलांना जवळ उभें करूं नये. हा पाक, आणखी एक वाटी शहाळ्याचें पाणी, चार मोठे चमचे नुओक माम, सहा ठेंचलेल्या लसणीच्या पाकळ्या, चार-पांच लहान कांदे, बोटभर आलें, दोन चक्रीफुलें आणि भरड मिरी मांसावर घालावी. गवती चहाची आपण पात वापरतों. येथें बुडखा हवा, तो ठेंचून टाकावा. मीठ निराळें घालूं नये. मंद खुणेवर आठ तास. मधून मधून झांकण उघडून पाहण्याचा मोह आवरावा, कारण प्रत्येक वेळीं गेलेली वाफ भरून यावयाला बराच वेळ लागतो. आपल्याकडे वीज केव्हां जाईल याचा नेम नाहीं. घरीं कोणी नसतांना ती बराच वेळ गेली होती असें कळलें, तर तें मांस हळहळ न करतां टाकून द्यावें. आणि भांडें घरांत आलेंच आहे म्हणून त्यांत कच्चा राजमा शिजावयाला ठेवूं नये; तो आधीं दहा मिनिटें खळखळून उकळल्यावांचून त्यांतलें विषारी द्रव्य जात नाहीं.

मांस शिजत असतांना मुळा व गाजर यांच्या काड्या करून शिरका, साखर व मीठ यांत तासभर बुडवून ठेवाव्या. सायंकाळीं मांस बाहेर काढून त्याचे दोरे करावे, भांड्यांतला रस कढईंत आटवून निम्मा करावा, वरची चरबी काढून टाकावी, रस मांसावर ओतून लिंबू पिळावें. कडक कवचाच्या पावांत हें लोणचें, कोथिंबीर आणि हिरव्या मिरचीच्या चकत्या घालून द्यावें, म्हणजे बान मीचा थाट होतो. सगळा रस मात्र मांसावर ओतूं नये. दोन वाट्या निराळा काढून ठेवावा. दुसऱ्या दिवशीं उकडून सोललेलीं अंडीं त्यांत सोडावीं, वीस मिनिटें मंद आंचेवर ठेवून तीं तांबूस झालीं कीं गरम भाताबरोबर वाढावीं.